मापाचा शर्ट

१

आमच्या दुकानात मापाचे शर्ट एका दोरीवर टांगलेले असतात. आटपाडीत अजूनही बरीच गिऱ्हाइकं अंगावर टेप लावून घेत नाहीत. घरातला एखादा नीट बसणारा जुना शर्ट आणतात आणि "ह्याच्यावानी शिवा" म्हणतात. लग्नसराईत दोरीवर तीस-चाळीस शर्ट होतात. आत शिरताना त्यांच्या बाह्या डोक्याला लागतात.

माप उतरवायचं काम माझं. शाळा सकाळची असते, त्यामुळे बारानंतर मी दुकानातच असते. शर्ट फळीवर पसरायचा, टेप लावायची, आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी तिसऱ्या काजात दोऱ्याने बांधायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, चिठ्ठी बघून कापड कापतात. शर्टाकडे बघतसुद्धा नाहीत. मी टेप ओढून धरत नाही आणि माझं अक्षर सुवाच्य आहे, म्हणून हे काम मला मिळालं. मला ते आवडतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

मी माणसांना कॉलरीवरून ओळखते. तरुण पोरं मोबाइलवर फोटो दाखवून कॉलर सांगतात, पण मापाच्या शर्टाला खोटं बोलता येत नाही. आमच्या गणिताच्या सरांची कॉलर फक्त उजवीकडे झिजते. दवाखान्यातले कंपाउंडर डावं टोक चावतात. शेजारच्या चहावाल्या भाऊसो मामांची कॉलर साडेसतरा इंचाची. ते तरुणपणी कुस्त्या करायचे. दोरीवर तेवढी मोठी कॉलर दुसरी नाही.

"मास्तर," ते आण्णांना म्हणतात, "माझ्या एका कॉलरीत ही समी सगळी बसंल बघा."

"बसंल की," आण्णा म्हणतात, "पर तिला भाईर काढायला तुमची मान कापावी लागंल."

मग दोघं हसतात आणि मी खाली मान घालून काजं करत राहते.

२

तो माणूस पहिल्यांदा आला तो एप्रिलातला बाजाराचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हाने पत्रा तडतडत होता आणि त्याच्या गळ्याभोवती करड्या रंगाचा मफलर होता. मला आधी मफलर दिसला, मग माणूस.

"वाईहून आलोय," तो म्हणाला. "एक शर्ट शिवायचा आहे. साधी कॉलर."

"माप?" आण्णांनी मान वर न करता विचारलं.

त्याने कापडी पिशवी फळीवर ठेवली.

"समे, माप उतरव आन् नाव लिवून घी."

नाव विचारायला मी वर बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, शांतपणे. मी पुन्हा खाली बघितलं. मी चिठ्ठीवर नावाच्या जागी नुसतं 'वाई' लिहिलं. पिशवीशेजारी एक पांढरा शर्ट होता, तो पसरला. कॉलर घासून दशा निघालेली. मोजली, पंधरा. बाकीचे आकडे लिहिले, चिठ्ठी बांधली, शर्ट दोरीवर टाकला.

चार दिवसांनी तो नवा शर्ट घेऊन गेला. मापाचा शर्ट मीच घडी करून त्याच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, "माझा पांढरा शर्ट कुठं गेला गं? कॉलर पलटायला फळीवर काढून ठिवलेला."

झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवली की शर्ट आणखी दोन वर्षं जातो. आण्णा स्वतःचे सगळे शर्ट असेच वापरतात. मी फळीवर पाहिलं, फळीखाली पाहिलं. मग मला वाईच्या माणसाची पिशवी आठवली.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. मी चुकून आण्णांचा शर्ट त्या माणसाच्या पिशवीत घातला असेल, तर त्याचा स्वतःचा मापाचा शर्ट दुकानात उरायला हवा होता. मी दोरीवरचा एक-एक शर्ट चिठ्ठीशी ताडून पाहिला. तीनदा पाहिला. जास्तीचा शर्ट एकही नव्हता.

मग त्याच्या पिशवीत माप होतं तरी का? मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

३

पंधरा दिवसांनी तो परत आला. पिशवीतून शर्ट काढून त्याने फळीवर ठेवला आणि मी बटणांकडे पाहिलं. वरून चौथं बटण हिरव्या दोऱ्याने लावलेलं होतं. ते सहावीत असताना मी लावलं होतं, आयुष्यातलं पहिलं बटण. आण्णांनी ते कधी बदलू दिलं नाही.

शर्ट आण्णांचाच होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हा आमचा आहे, चुकून आला. मी तोंड उघडलं.

"माप तेच," तो मला म्हणाला. "फक्त कॉलर बदला. चायनीज पट्टी, नुसती उभी, एक इंच."

मी तोंड मिटलं.

त्याच्या अंगात आम्ही शिवलेला पहिला शर्ट होता. तो आण्णांपेक्षा उंच आणि हाडकुळा, पण शर्टाला कुठे सुरकुती नव्हती. मशीनवर वाकून वाकून आण्णांचा डावा खांदा अर्धा इंच खाली आला आहे, म्हणून त्यांच्या शर्टाची डावी बाजू मी नेहमी कमी मोजते. त्या माणसाचाही डावा खांदा तेवढाच खाली होता. पहिल्या वेळी होता का? तेव्हा मी फक्त मफलर पाहिला होता.

भाऊसो मामा चहा घेऊन आले. "काय वो पावणं, वाईतलं शिंपी संपलं का काय? एवढ्या लांब येताय ते?"

"तिकडे माझं माप कुणाकडे नाही," तो म्हणाला.

मामांना ते विनोदी वाटलं. ते खूप हसले. त्या माणसाने कप हातात धरला. आण्णांनी कापड मोजेपर्यंत धरला, खडूने आखेपर्यंत धरला. मग साय धरलेला चहा तसाच फळीवर ठेवून तो गेला.

४

मे महिन्यात आत्याच्या मुलीचं लग्न होतं. आण्णांनी ठेवणीतला शर्ट घातला आणि वरचं बटण लावलं. कॉलर गळ्यापासून सुटून पुढे आली.

"आवं, किती वाळलायसा!" आई म्हणाली.

"उनाळा हाय. मेंढरं बी वाळत्यात."

आईने बटण अर्धा इंच आत सरकवलं. दहा दिवसांनी पुन्हा सरकवावं लागलं. आण्णांनी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं, ते अडुसष्ट भरलं. दिवाळीलाही अडुसष्टच होतं. छातीचा, पोटाचा, बाहीचा कुठलाच आकडा बदलला नव्हता.

एका दुपारी आण्णा फळीखाली गारव्याला झोपले होते. मी टेप घेतली आणि अलगद त्यांच्या मानेभोवती फिरवली. चौदा. कदाचित टेप सैल पडली असेल, जुन्या टेपा ताणतात, म्हणून मी ती कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीवर लावून पाहिली. टेप बरोबर होती. आठवड्याने पुन्हा मोजलं, तेव्हा तेरा भरलं. माझ्या स्वतःच्या शाळेच्या शर्टाची कॉलर साडेबारा आहे.

आण्णांचा आवाजही बसला. पूर्वी ते दुकानातून हाक मारायचे ती मला शाळेच्या फाटकाशी ऐकू यायची. आता समोरच्या गिऱ्हाइकाला त्यांच्याकडे वाकावं लागायचं. भाकरीचा घास अडकायला लागला. आई आमटीत कुस्करून द्यायची आणि ते न बघता खायचे, आपण बघितलं नाही की आम्हालाही ते दिसत नाही, असं त्यांना वाटत असावं.

सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी दोन बोटांनी आण्णांचा गळा चाचपला, थांबले, पुन्हा चाचपला.

"मान पहिल्यापासून अशीच बारीक आहे का यांची?"

"न्हाई वो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल पुन्हा चाळली. "रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत," ते म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

परत येताना एसटीत आई फाइल छातीशी धरून बसली होती. मी तिला सांगितलं. इतके दिवस न सांगितलेलं एका दमात सांगितलं, की मी आण्णांचा शर्ट चुकून त्या वाईच्या माणसाला दिला, आणि तेव्हापासून हे सुरू झालंय.

आईने माझ्याकडे बघितलं. "मग त्यो आला की माग की. जुन्या शर्टापायी रडतीस व्हय? मला वाटलं तुला डाक्टरांनी काय सांगितलं."

तिचं बरोबर होतं. शर्ट देण्याने कुणाची मान बारीक होत नाही. मला विज्ञानात चांगले मार्क आहेत. मी खिडकीबाहेर बघत आण्णांच्या मानेला दुसरं काय काय झालं असेल याचा विचार करत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त हिरव्या दोऱ्याचं बटण येत होतं.

५

मधल्या काळात तो दोन इंचाचा बंद गळाही शिवून घेऊन गेला होता. तेव्हा मी सुट्टीत आत्याकडे होते. आता जूनच्या सुरुवातीला तो तीन इंचाची कॉलर सांगायला आला.

आण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवं, तीन इंचात मान वळायची न्हाई."

"वळवायची नाही."

"आत कडक बकरम घातलं की टोचंल. गळा सोलून निघंल."

"मला नाही टोचणार," तो म्हणाला.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते कधी कुणाचं काम परत पाठवत नाहीत. पण त्या वेळी त्यांना पाठवायचं होतं, एवढं मला दिसलं. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. मग त्यांनी नुसती मान हलवली.

मी शर्ट मागणार होते. दोन शब्द घोकून ठेवले होते. तो पिशवी उचलून जाईपर्यंत मी ते घोकतच राहिले.

६

तीन इंचाच्या कॉलरीला ट्रायल घ्यावीच लागते. तो ठरल्या दिवशी दुपारी दोनला आला. रस्त्यावर कुणी नव्हतं. भाऊसो मामा बाकावर आडवे झाले होते. आण्णांच्या हाताला हल्ली कंप असायचा, त्यामुळे गळ्याचा हूक त्यांना लागेना.

"समे, तू लाव," ते म्हणाले आणि मागे मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले.

मी बसायच्या पाटावर उभी राहिले. तो पाठमोरा झाला, मफलर काढला आणि त्याच क्षणी कॉलर वर ओढून घेतली. मी हूक लावला. कॉलर ताठ उभी राहिली, कानांच्या पाळीपर्यंत.

आता ती घट्ट होतेय का ते बघायचं होतं. कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत, असा आण्णांचा नियम आहे. मी पाट घेऊन त्याच्या पुढ्यात आले, वर चढले आणि दोन बोटं आत घातली.

आत मान होती. गरम, घामेजलेली, दोन दिवसांची दाढी वाढलेली. तो माणूस तर गुळगुळीत दाढी करून आला होता. माझ्या बोटांना एक घोट जाताना लागला. मग दुसरा. मग तिसरा. तो स्थिर उभा होता, त्याचे ओठ मिटलेले होते. मी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. आण्णा स्टुलावर बसून तांब्याने पाणी पीत होते.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. बोटांखालचे घोट थांबले.

मग बोटांखाली काहीतरी दचकून आक्रसलं, आणि मागून आण्णा खोकले. आधी मला लागलं, मग ऐकू आलं.

मी बोटं काढायला हवी होती. ती काढायच्या आधी मी पाटावर टाचा उंचावल्या आणि कॉलरीत वरून डोकावले. का ते सांगता येत नाही. आत कॉलरीचं अस्तर दिसलं, गोल, पांढरं, पुढून मागेपर्यंत. आत टिपेची प्रत्येक गाठ दिसत होती. हँगरला लावलेल्या शर्टात वरून बघितल्यावर दिसतं तसं. माझी दोन बोटंही दिसत होती, मधोमध, कशालाही न टेकलेली. आणि बोटांना दाढीचे खुंट लागत होते.

"घट्ट होतीय का बघ," आण्णा मागून म्हणाले.

घट्ट. मी हूक एक घर पुढे लावला असता तर? हे मनात आलं आणि मी इतक्या घाईने बोटं ओढली की नख कशाला तरी घासलं.

"आई गं," आण्णा म्हणाले. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. ते गळ्यावर हात फिरवत होते. "डास असंल."

७

आण्णांनी मशीन सुरू केली. मशीनच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू जात नाही. ट्रायलचा शर्ट बदलून तो मफलर गुंडाळत होता. मी त्याच्याकडे न बघता, पिशवीकडे बघून बोलले.

"आमचा शर्ट परत द्या."

"देतो की," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, थोडा आश्चर्य वाटल्यासारखा. "तू मागितलाच नाहीस कधी."

त्याने पिशवीतून शर्ट काढून माझ्या हातात दिला. तो कोमट होता, नुकताच कुणीतरी अंगातून काढल्यासारखा. मी तो पोटाशी धरला. सगळं एवढं सोपं होतं. तो मात्र गेला नाही.

"पण बाळ, मापाशिवाय मी जाऊ कसा?"

 त्याने वर दोरीकडे पाहिलं. हात लावला नाही, कुणाचा कुठला असं विचारलं नाही. नुसता उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तसा. मागे मशीन चालू होती, आणि मधूनच थांबून आण्णा खोकत होते.

मी दोरीखाली गेले. सगळ्यांचे आकडे मला पाठ होते. गणिताच्या सरांची साडेचौदा, त्यांना दोन लहान मुली आहेत. कंपाउंडरची पंधरा. मी गणितासारखा विचार केला. दोन महिन्यांत दोन इंच. ज्याची मान आधीच बारीक आहे त्याचं लवकर होईल, ज्याची मोठी आहे त्याला पुष्कळ दिवस काही कळणारसुद्धा नाही. तेव्हा मला हे शहाणपणाचं वाटलं. कोपऱ्यातल्या खिळ्याला माझा शाळेचा शर्टही होता. तो मला दिसला. मी त्याला हात लावला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

मी साडेसतराचा काढला.

त्याने तो उलगडून कॉलर पाहिली, बोटांनी तिची लांबी अजमावली. "बरेच दिवस जाईल," तो म्हणाला. घडी घालून पिशवीत ठेवला आणि उन्हात निघून गेला. बाकावर भाऊसो मामा पोटावर हात ठेवून झोपले होते. जाताना तो त्यांच्या डोक्याशी क्षणभर थांबला. मग त्यांच्या तोंडावर येणारं ऊन अडावं म्हणून त्याने पुढचं गोणपाट खाली ओढलं.

तीन इंचाची ती कॉलर न्यायला तो परत आला नाही. ती अजून कपाटात आहे.

८

आण्णा बरे झाले. महिन्यात बटण मूळ जागी आलं. भाकरी खातात, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतात, मला रस्त्यापलीकडून हाक मारतात. सांगलीच्या गोळ्यांनी गुण आला असं आई सगळ्यांना सांगते, कुणी विचारलं तर डॉक्टरांचं नावही देते. तसंच असेल. गोळ्या सुरू केल्यानंतरच फरक पडला हे खरं आहे. मी तारखा जुळवून पाहिल्या, तर दोन्ही तारखा जवळजवळ एकच येतात. त्यामुळे नक्की काहीच ठरत नाही.

भाऊसो मामा तसेच आहेत. तसेच हसतात. चहा द्यायला आले की मी त्यांच्या हाताकडे बघते, कपाकडे बघते, वर बघत नाही. मापाचा शर्ट हरवला म्हटल्यावर ते आण्णांना म्हणाले होते, "जाऊ द्या वो मास्तर, त्यो घालून कोन पाखरू उडून जानार हाय?"

काल आण्णा सुताची रिळं आणायला गेले होते. मी एकटीच होते. मामांची बायको बनुबाई पदराआड शर्ट घेऊन आली.

"मास्तर न्हाईत व्हय? मग तूच कर गं, तुझा हात बी चांगलाय." तिने शर्ट फळीवर टाकला. "कॉलर ढिली पडतीया ह्यांना. आर्धा इंच घी. साखर सोडलीया ना, तर पोट हाय तेवढंच, आन् मानच वाळली बघ पयली!" ती खूप हसली. "म्या म्हनलं, पैलवान, उलटं वाळायला लागलासा तुमी."

मीही हसले. काहीतरी करायला हवं होतं.

"कवा दिशील?"

"आत्ताच देते. बसा."

ती पाटावर बसून पोरांच्या शाळेचं सांगत राहिली. मी कॉलर उसवली, बकरम बाहेर काढलं, खडूने खूण केली. तिने अर्धा इंच सांगितलं होतं.

मी एक इंच घेतला. म्हणजे श्रावण संपेपर्यंत तरी तिला परत यावं लागणार नाही.